खोट्या तारखांमागचे सत्य : पॉल ग्र्युनिंगर यांची गोष्ट

#थ्रेड #इतिहास #दुसरे_महायुद्ध

१/
१२ मे १९३९. स्वित्झर्लंडच्या ईशान्य कोपऱ्यातील सेंट गॅलन कॅन्टनच्या सरकारने आपल्या पोलीसप्रमुखाला तडकाफडकी बडतर्फ केले. सरकारी कागदपत्रांवर त्याने खोट्या तारखा घातल्या, हा त्याच्यावरचा मुख्य आरोप होता, आणि तो खराही होता. याच खोट्या तारखांच्या आधारे शेकडो ज्यू निर्वासितांना नाझी राजवटीच्या तावडीतून सुटून आश्रय मिळाला होता. त्या अधिकाऱ्याचे नाव पॉल ग्र्युनिंगर. त्याच्यावरील कलंक पुसला जायला तब्बल ५६ वर्षे लागली.

२/
ग्र्युनिंगर यांचा जन्म १८९१ मध्ये सेंट गॅलन येथे झाला. शिक्षण शिक्षकी पेशाचे. तरुणपणी ते एससी ब्र्युल या स्थानिक संघाकडून फुटबॉल खेळत आणि १९१५ मध्ये या संघाने राष्ट्रीय विजेतेपद मिळवले तेव्हा ते संघात होते. पहिल्या महायुद्धाच्या काळात त्यांनी लष्करात अधिकारी म्हणून सेवा केली. १९१९ मध्ये ते कॅन्टनच्या पोलीस दलात दाखल झाले आणि १९२५ मध्ये दलाचे प्रमुख झाले. नियमाने चालणारा, मध्यमवर्गीय, कुटुंबवत्सल गृहस्थ अशीच त्यांची ओळख होती. बंडखोरीची कोणतीही खूण त्यांच्या पूर्वायुष्यात सापडत नाही.

३/
मार्च १९३८ मध्ये जर्मन सैन्य ऑस्ट्रियात शिरले आणि तो देश जर्मन राइशचा भाग झाला. ऑस्ट्रियातील सुमारे दोन लाख ज्यूंपैकी बहुतेक जण व्हिएन्नात राहत होते. भर रस्त्यात त्यांची विटंबना सुरू झाली. वृद्ध प्राध्यापकांना गुडघ्यांवर बसवून फरसबंदी घासायला लावण्यात आली. दुकाने, घरे, नोकऱ्या हिसकावण्यात आल्या. या टप्प्यावर नाझींचे धोरण ज्यूंना लुबाडून देशाबाहेर हाकलण्याचे होते. मालमत्ता ठेवून जा, हा त्याचा मथितार्थ. मात्र जायचे कुठे, याचे उत्तर कोणाकडेच नव्हते.

४/
जुलै १९३८ मध्ये फ्रान्समधील एव्हियाँ येथे ३२ देशांचे प्रतिनिधी निर्वासितांच्या प्रश्नावर एकत्र आले. सहानुभूतीची भाषणे भरपूर झाली, पण डॉमिनिकन रिपब्लिकसारखा अपवाद वगळता दरवाजे उघडण्यास जवळजवळ कोणीही तयार झाले नाही. स्वित्झर्लंडने त्याआधीच, १ एप्रिलपासून, ऑस्ट्रियन पारपत्रधारकांना व्हिसा बंधनकारक केला होता. पुढे ऑगस्टच्या मध्यावर संघराज्य सरकारने निर्णय घेतला की व्हिसा नसलेल्या प्रत्येक निर्वासिताला सीमेवरूनच परत पाठवावे.

५/
या निर्णयाची तारीख लक्षात ठेवावी : १९ ऑगस्ट १९३८. त्यापूर्वी आत आलेल्यांना तात्पुरते राहता येत होते. त्यानंतर आलेल्यांना परत जर्मन हद्दीत ढकलले जाणार होते. अशा रीतीने एका कागदावरील एका तारखेने माणसाचे भवितव्य ठरू लागले.

६/
या कठोरपणामागे केवळ युद्धाची भीती नव्हती. संघराज्याच्या परकीय नागरिक पोलीस विभागाचे प्रमुख हाइनरिश रोथमुंड आणि त्यांच्या वर्तुळातील अनेकांना देशाचे ‘परकीयीकरण’ होईल अशी धास्ती होती, आणि या शब्दाचा रोख प्रामुख्याने ज्यूंकडे असे. सप्टेंबर १९३८ मध्ये बर्न आणि बर्लिन यांच्यात वाटाघाटी झाल्या. ऑक्टोबरपासून जर्मन ज्यूंच्या पारपत्रांवर लाल रंगात ‘जे’ हे अक्षर उमटवले जाऊ लागले. आता सीमेवरील शिपायाला ज्यू ओळखण्यासाठी चौकशी करण्याचीही गरज उरली नाही.

७/
येथे भूगोल समजून घेणे आवश्यक आहे. ऱ्हाइन नदीला वारंवार येणारे पूर रोखण्यासाठी तिचे पात्र सरळ करण्यात आले होते. १९२३ मध्ये डीपोल्ट्साऊ या गावाजवळ नवा कालवा खुला झाला आणि मुख्य प्रवाह गावाच्या पश्चिमेकडून वाहू लागला. सीमा मात्र पूर्वेकडच्या जुन्या पात्रावरच राहिली. त्या पात्रात पाणी उथळ, काठाला झाडी. पलीकडे ऑस्ट्रियातील होहेनएम्स हे सतराव्या शतकापासून ज्यू वस्ती असलेले गाव. रात्रीच्या अंधारात पायी पार करता येईल अशी ही सीमा होती, आणि ही गोष्ट व्हिएन्नात कर्णोपकर्णी पसरली.

८/
१७ ऑगस्ट १९३८ रोजी कॅन्टनांच्या पोलीस अधिकाऱ्यांची एक परिषद झाली. सीमा बंद करण्याच्या बाजूने बहुतेकांचा कल होता. ग्र्युनिंगर यांनी तेथे उघडपणे वेगळे मत मांडले. माणुसकीचा विचार करता निर्वासितांना परत पाठवणे शक्य नाही, अनेकांना आत घ्यावेच लागेल, अशी त्यांची भूमिका होती. कायद्याचा रखवालदार असलेल्या माणसाने वरिष्ठांसमोर हे म्हणणे सोपे नव्हते. दोनच दिवसांनी आदेश निघाला, तो त्यांच्या मताच्या नेमका विरुद्ध.

९/
यानंतर त्यांनी जे केले त्याचे तंत्र अगदी साधे होते. दरवाजे बंद झाल्यानंतर आलेल्या निर्वासितांच्या नोंदपत्रकांवर ते आगमनाची तारीख १९ ऑगस्टपूर्वीची घालत किंवा घालू देत. सप्टेंबरमध्ये, ऑक्टोबरमध्ये, नोव्हेंबरच्या कत्तलीनंतर जीव मुठीत धरून आलेली माणसे कागदोपत्री उन्हाळ्यातच पोहोचलेली दिसू लागली. वर जाणाऱ्या अहवालांत आकडे असे मांडले जात की संशय येऊ नये. एका लेखणीच्या फटकाऱ्यात बेकायदा माणूस कायदेशीर होत असे.

१०/
काही प्रसंगी ते याहूनही पुढे गेले. दाखाऊच्या छळछावणीत डांबलेल्या व्यक्तींच्या नावे त्यांनी सेंट गॅलनला हजर राहण्याची अधिकृत पत्रे पाठवली. परदेशी जाण्याची सोय असल्याचे दाखवता आले, तर त्या काळात छावणीतून सुटका होण्याची शक्यता असे. पोलीस खात्याचे शीर्षक छापलेल्या कागदाचे वजन त्यांना पुरेपूर ठाऊक होते. एरवी राज्यसत्ता माणसाला अडवण्यासाठी जो कागद वापरते, तोच त्यांनी सुटकेसाठी वापरला.

११/
आलेल्यांचा सांभाळ कोण करत होते? संघराज्य सरकारने खर्चाची जबाबदारी घेण्यास नकार दिला होता. जेमतेम १८ हजार लोकसंख्येच्या स्विस ज्यू समाजावर हा भार पडला. त्यांच्या महासंघाचे अध्यक्ष साली मायर सेंट गॅलनचेच रहिवासी होते. डीपोल्ट्साऊमध्ये भरतकामाच्या एका जुन्या कारखान्यात निर्वासितांची छावणी उभी राहिली. स्थानिक ज्यू मदतकार्यात सिडनी ड्रायफुस हे गृहस्थ काम करत. त्यांची कन्या रूथ ड्रायफुस पुढे, १९९९ मध्ये, स्वित्झर्लंडच्या पहिल्या महिला राष्ट्राध्यक्ष झाल्या.

१२/
ग्र्युनिंगर एकटे नव्हते, हेही नोंदवले पाहिजे. वाट दाखवणारे सीमाभागातील गावकरी होते, काणाडोळा करणारे शिपाई होते. ब्रेगेंझ येथील स्विस वकिलातीत काम करणाऱ्या अर्न्स्ट प्रोदोलिए यांनी नियम वाकवून अनेकांना मदत केली आणि तेही शिस्तभंगाच्या कारवाईला सामोरे गेले. कॅन्टनच्या पोलीस खात्याचे मंत्री वालेंटिन कील यांनी सुरुवातीला या उदारपणाकडे दुर्लक्ष केले. चौकशीची वेळ आली तेव्हा मात्र त्यांनी हात झटकले. जबाबदारी एकाच माणसाच्या माथी आली.

१३/
१९३९ च्या आरंभी बर्नचा संशय बळावला आणि चौकशी सुरू झाली. नोंदपत्रके आणि निर्वासितांजवळचे इतर कागद ताडून पाहिले की तारखांचा घोळ लपणे शक्यच नव्हते. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात ग्र्युनिंगर यांना निलंबित करण्यात आले. ज्या कार्यालयात त्यांनी चौदा वर्षे प्रमुख म्हणून काम केले, त्याचे दार त्यांना बंद झाले. महिन्याभराने बडतर्फीचा आदेश निघाला आणि निवृत्तिवेतनाचा हक्कही गेला.

१४/
१९४० च्या अखेरीस सेंट गॅलनच्या जिल्हा न्यायालयाने त्यांना कर्तव्यभंग आणि कागदपत्रांत खाडाखोड केल्याबद्दल दोषी ठरवले. शिक्षा ३०० फ्रँक दंड आणि खटल्याचा खर्च. आकडा किरकोळ वाटतो. पण त्यासोबत ‘गुन्हेगार’ हा शिक्का बसला, आणि त्या छोट्या शहरात शिक्षा झालेल्या माजी पोलीसप्रमुखाला नोकरी देण्यास कोणी धजावत नव्हते.

१५/
न्यायालयापेक्षा अधिक क्रूर ठरली ती कुजबुज. निर्वासितांकडून पैसे घेतले, स्त्रियांचा गैरफायदा घेतला, अशा वावड्या उठल्या. यांपैकी कशालाही पुरावा मिळाला नाही. तरीही त्या अफवा दशकानुदशके टिकल्या, कारण त्या सोयीच्या होत्या. ज्याने धोका पत्करून योग्य ते केले तो मुळातच भ्रष्ट होता असे एकदा मानले, की ज्यांनी काहीच केले नाही त्यांना स्वतःला प्रश्न विचारावा लागत नाही.

१६/
पुढील तीन दशके ग्र्युनिंगर यांनी मिळेल ते काम केले. फिरता विक्रेता, छोटे व्यवसाय, बदली शिक्षक. कन्या रूथ यांना लोझान येथील शिक्षण अर्धवट सोडून घराला हातभार लावण्यासाठी परतावे लागले. कुटुंब ऱ्हाइनच्या खोऱ्यातील आउ या गावी राहत होते, म्हणजे ज्या सीमेवर हे सारे घडले तिच्यापासून काही किलोमीटरवर. कृत्याचा पश्चात्ताप मात्र त्यांनी कधी व्यक्त केला नाही. आपल्याला निकालाची लाज नसून छळलेल्या माणसांना वाचवल्याचा अभिमान आहे, असे त्यांनी १९५४ मध्ये लिहून ठेवले.

१७/
दरम्यान, बर्नचे धोरण अधिकच कठोर झाले होते. ऑगस्ट १९४२ मध्ये, म्हणजे पूर्व युरोपातील मृत्युछावण्या पूर्ण वेगाने चालू असताना, सीमा जवळजवळ पूर्णतः बंद करण्यात आली. मंत्री एडुआर्ड फॉन श्टायगर यांनी देशाची तुलना आधीच गच्च भरलेल्या जीवरक्षक नौकेशी केली. स्विस सरकारनेच नेमलेल्या इतिहासतज्ज्ञांच्या आयोगाने २००२ मध्ये अंतिम अहवाल दिला. युद्धकाळात २० हजारांहून अधिक निर्वासितांना सीमेवरून परतवण्यात वा देशाबाहेर काढण्यात आले, असे त्यात नमूद आहे. याच काळात हजारोंना आश्रय मिळाला, हेही तितकेच खरे.

१८/
आता स्मरणाचा प्रश्न. १९५३ मध्ये इस्रायलच्या संसदेने कायदा करून याद वाशेम ही स्मारकसंस्था स्थापन केली. १९६३ पासून ही संस्था ‘राष्ट्रांमधील न्यायी व्यक्ती’ हा सन्मान देते. निकष कडक आहेत : व्यक्ती ज्यू नसावी, तिने स्वतःचा जीव, स्वातंत्र्य वा पद धोक्यात घालून मदत केलेली असावी, मोबदल्याची अट घातलेली नसावी, आणि या सर्वांस साक्षी वा कागदपत्रांचा आधार असावा. आजवर २८ हजारांहून अधिक जणांना हा सन्मान मिळाला आहे. १९७१ मध्ये त्यात ग्र्युनिंगर यांचे नाव आले.

१९/
मायदेशाची गती वेगळी होती. साठच्या दशकाच्या अखेरीपासून त्यांच्या पुनर्स्थापनेची मागणी होऊ लागली. डिसेंबर १९७० मध्ये कॅन्टन सरकारने एक पत्र लिहून त्यांच्या माणुसकीची कदर केली, पण बडतर्फी वा निकाल यांना हात लावला नाही. प्रशंसा मिळाली, न्याय नाही. २२ फेब्रुवारी १९७२ रोजी ग्र्युनिंगर यांचे निधन झाले. कायद्याच्या दृष्टीने त्या दिवशीही ते शिक्षा झालेले गुन्हेगारच होते.

२०/
ही केवळ स्वित्झर्लंडची कथा नाही. जून १९४० मध्ये बोर्दो येथे पोर्तुगालचे वाणिज्यदूत अरिस्तिदेस द सौझा मेंदेस यांनी सालाझार सरकारची परिपत्रके धुडकावून निर्वासितांना सरसकट व्हिसा दिले. त्यांची कारकीर्द संपवण्यात आली आणि १९५४ मध्ये ते दारिद्र्यात वारले. त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात लिथुआनियातील कौनास येथे जपानचे चिउने सुगिहारा यांनी दोन हजारांहून अधिक व्हिसा लिहिले. १९४७ मध्ये त्यांना परराष्ट्र सेवेतून बाहेर पडावे लागले. दोघांनाही याद वाशेमने आधी गौरवले, स्वदेशाने बऱ्याच काळानंतर.

२१/
परक्यांना जे चटकन दिसते ते स्वतःच्या सरकारला दिसण्यास इतका वेळ का लागतो? कारण सरळ आहे. सन्मान देणे सोपे, निकाल फिरवणे कठीण. अवज्ञा करणारा अधिकारी निर्दोष होता असे राज्याने मान्य केले, की ज्या आदेशाची त्याने अवज्ञा केली तो आदेशच अन्याय्य होता हेही मान्य करावे लागते. मग तो आदेश काढणारे, राबवणारे आणि त्यावर गप्प बसणारे, सर्वांचाच हिशेब निघतो. म्हणूनच सेंट गॅलनमध्ये १९८० च्या दशकातही पुनर्स्थापनेचे प्रयत्न पुन्हा पुन्हा फेटाळले गेले.

२२/
कोंडी फोडली ती दप्तरखान्याने. पत्रकार व इतिहासलेखक श्टेफान केलर यांनी जुने पोलीस कागद आणि खटल्याची कागदपत्रे तपासली, हयात निर्वासितांना शोधून काढले आणि १९९३ मध्ये या प्रकरणावर पुस्तक प्रसिद्ध केले. इतिहासाच्या अभ्यासकांनी येथे एक गोष्ट टिपून ठेवावी. नोंदपत्रकातील तारीख खोटी आहे, म्हणून ते साधन निरुपयोगी ठरत नाही. आगमनाच्या दिवसाविषयी तो कागद खोटे सांगतो, पण तो भरणाऱ्याच्या हेतूविषयी मात्र त्याच्याइतका विश्वसनीय साक्षीदार दुसरा नाही. १९४० मध्ये ज्या पुराव्याने ग्र्युनिंगर दोषी ठरले, तोच पुरावा पुढे त्यांच्या बाजूने उभा राहिला.

२३/
त्याच वर्षी कॅन्टन सरकारने त्यांची राजकीय पुनर्स्थापना केली. त्यानंतर खटला पुन्हा उघडण्यात आला. ३० नोव्हेंबर १९९५ रोजी, ज्या जिल्हा न्यायालयाने त्यांना शिक्षा सुनावली होती, त्याच न्यायालयाने त्यांना निर्दोष मुक्त केले. न्यायालयाचा युक्तिवाद महत्त्वाचा आहे. दयेपोटी दिलेली ही माफी नव्हती. निर्वासितांच्या जिवावर बेतले होते, अशा आपत्काळात त्यांना मदत करणे कायद्यानेही समर्थनीय होते, असे न्यायालयाने मानले. त्याच वर्षी मे महिन्यात राष्ट्राध्यक्ष कास्पार फिलिगर यांनी ‘जे’ शिक्क्यातील देशाच्या सहभागाबद्दल जाहीर क्षमायाचना केली होती.

२४/
१९९८ मध्ये कॅन्टनच्या विधिमंडळाने थकलेल्या वेतन व निवृत्तिवेतनापोटी वारसांना भरपाई मंजूर केली. वारसांनी ती रक्कम पॉल ग्र्युनिंगर यांच्या नावाने उभारलेल्या प्रतिष्ठानाला देऊन टाकली. १ जानेवारी २००४ पासून एक संघराज्य कायदा अमलात आला. नाझी काळात निर्वासितांना सीमा ओलांडण्यास मदत केल्याबद्दल झालेल्या शिक्षा त्याने रद्द ठरवल्या. यामुळे ज्यांची नावे कोणत्याही पुस्तकात नाहीत अशा वाटाड्यांचे, शेतकऱ्यांचे, मजुरांचेही माथे निष्कलंक झाले.

२५/
एक सावधगिरीची नोंद. ग्र्युनिंगर यांनी नेमके किती जीव वाचवले? जुन्या लेखनात ३,६०० हा आकडा वारंवार येतो. अलीकडचे अभ्यासक सावध असतात आणि अनेक शेकडो, कदाचित त्याहून अधिक, असे म्हणतात. पकडले जाऊ नये म्हणून ज्याने नोंदीच बदलल्या, त्याच्या कामाची अचूक मोजदाद त्या नोंदींतून कशी व्हावी? आकडा फुगवल्याने त्यांची थोरवी वाढत नाही, आणि कमी निघाल्याने घटतही नाही.

२६/
दुसरी सावधगिरी स्मरणाच्या हेतूविषयी. एका नायकाचा पुतळा उभारून संपूर्ण समाजाने स्वतःला निर्दोष ठरवणे, हा मोह प्रत्येक देशाला होतो. ग्र्युनिंगर यांचे स्मरण प्रामाणिक तेव्हाच ठरते, जेव्हा त्यांच्यासोबत सीमेवरून परतवलेल्या हजारोंचेही स्मरण होते. ते एकाकी का पडले, हा प्रश्न विचारल्याविना त्यांचा गौरव अपुरा आहे.

२७/
आज सेंट गॅलनमध्ये त्यांच्या नावाचा चौक आहे. ज्या संघाकडून ते खेळले, त्याच्या मैदानाला त्यांचे नाव आहे. २०१२ मध्ये डीपोल्ट्साऊ आणि होहेनएम्स यांना जोडणाऱ्या जुन्या ऱ्हाइनवरील पुलाचेही ‘पॉल ग्र्युनिंगर पूल’ असे नामकरण झाले. पुलाखालचे पाणी आजही उथळ आहे. ज्या काठावर १९३८ मध्ये माणसे अंधारात श्वास रोखून उभी राहत, तेथून आता शाळकरी मुले सायकलवरून दोन देशांत ये-जा करतात.

२८/
दुसऱ्या महायुद्धाचा इतिहास वाचताना नजर रणांगणे आणि सेनापती यांच्यावर खिळते. पण त्या काळातील अनेक आयुष्ये टेबलांवर ठरली : एक शिक्का, एक सही, एक तारीख. आदेश पाळणारे असंख्य कारकून होते आणि पुढे त्यांतील बहुतेकांनी, आपल्या हाती काहीच नव्हते, असे सांगितले. सेंट गॅलनच्या दप्तरखान्यातील ती पिवळी पडलेली नोंदपत्रके या सबबीला आजही उत्तर देतात. त्यांच्या हाती लेखणी होती.

(थ्रेड समाप्त)